आठवड्याचं टिपण: काय पाहिलं, काय ऐकलं, कुठं जावं हे आपल्या माणसांना नीट कसं कळवावं

"एक नंबर पिक्चर, नक्की बघा." "वेरूळला जाऊन आलो, भारी वाटलं." खाली सहा-सात फोटो, त्यातले चार स्वतःचेच. दर रविवारी रात्री असे निरोप ग्रुपवर पडतात, त्यावर अंगठे उमटतात आणि पुढं कुणीच काही करत नाही. करणार तरी काय? पिक्चर कुठं लागलाय, पोरांना न्यावा का, वेरूळ कोणत्या वारी बंद असतं, यातलं काहीच निरोपात नसतं.

आपल्या आवडीचं दर आठवड्याला कळवायची हौस मराठवाड्यात बक्कळ आहे. कुणी नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवतं, कुणी कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लिहितं, कुणी सोसायटीच्या फलकावर लावतं. गडबड होते ती कामाच्या क्रमात. लोक रविवारी रात्री लिहायला बसतात, मग आठवायला लागतात, आठवेल तेवढं सगळं ओततात आणि न तपासता पाठवतात. आठवडाभर जागच्या जागी टिपून ठेवायचं, मग निम्म्याहून अधिक गाळायचं, उरलेलं लिहायचं, तपासायचं आणि लोकांना उपयोग होईल अशा वेळी पाठवायचं, असं केलं तर काम निम्म्या वेळात होतं.

## आधीची तयारी

पहिल्यांदा वाचणारा ठरवा. "सगळ्यांसाठी" लिहिलेलं टिपण कुणाच्याच कामाचं नसतं. परभणीची आत्या एसटीनं प्रवास करते, गुडघे दुखतात, नऊवारीत पायऱ्या चढायच्या असतात. पुण्यात नोकरीला असलेला मामेभाऊ दिवाळीत गाडी घेऊन येतो आणि दोन दिवसांत सगळं बघायचं म्हणतो. दोघांना एकच जागा सुचवता येईल, पण सांगायच्या गोष्टी वेगळ्या. लिहिताना यातलं एक माणूस डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यानं फोन करून जे विचारलं असतं, त्याचं उत्तर लिहा.

दुसरं, टिपायची जागा एकच ठेवा. अर्धं वहीत, अर्धं स्क्रीनशॉटमध्ये आणि उरलेलं "लक्षात राहील" या भरवशावर, असं केलं की बुधवारी काहीच सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज पाठवता येतो. ती चॅट वर पिन करून ठेवली की झालं. टाइप करायचा कंटाळा असेल तर तिथंच दहा सेकंदांचं बोलून ठेवा. फक्त एसटीत खिडकीशी बसून रेकॉर्ड केलेलं नंतर स्वतःलाही कळत नाही, तेव्हा तिथं दोन शब्द टाइपच करा.

तिसरं म्हणजे कप्पे: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं, खाल्लेलं, फिरलेलं. हे फक्त तुमच्या सोयीसाठी. दर आठवड्याला प्रत्येक कप्पा भरलाच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर लादू नका. ज्या आठवड्यात एकही पुस्तक उघडलं नाही, त्या आठवड्यात वाचलेल्याचा कप्पा सरळ गायब करा. भरतीसाठी टाकलेली नोंद लगेच ओळखू येते.

## टप्पा १: आठवडा बुधवारी संपवा

रविवारी रात्री टिपण पाठवणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यांनी करून ठेवलेली चूक. सोमवारी शाळा, ऑफिस, बाजार समिती सुरू. शनिवार येईपर्यंत तुमचा निरोप लग्नपत्रिका आणि शुभेच्छांच्या खाली गाडला जातो.

तुमचा आठवडा गुरुवारी सुरू करून बुधवारी संपवा. बुधवारी रात्री निवड करा, गुरुवारी दुपारपर्यंत लिहून तपासा, गुरुवारी संध्याकाळी पाठवा. नवे पिक्चर शुक्रवारी लागतात, त्यामुळं बुधवार-गुरुवारपर्यंत पुढच्या आठवड्याचे खेळ कळतात. जिल्ह्याच्या गावात मराठी पिक्चरला कित्येकदा दिवसाला एखादाच खेळ मिळतो, तोही भलत्या वेळी, आणि शुक्रवारी नवा हिंदी पिक्चर आला की तो खेळही जातो. म्हणजे तुम्ही मागच्या शनिवारी पाहिलेला पिक्चर येत्या शनिवारी गावात आहे का, हे गुरुवारीच खात्रीनं सांगता येतं.

तपासा: हे टिपण वाचून माणसाला शनिवार-रविवारचा बेत आखता येईल का? येत नसेल तर वार चुकलाय.

## टप्पा २: जागच्या जागी टिपा

नोंद घरी येऊन करायची नाही. टॉकीजमधून बाहेर पडताना, लेण्याच्या पायरीवर बसल्या बसल्या, पुस्तक मिटल्यावर लगेच करायची. एका नोंदीत एवढंच हवं: काय, कुठं, किती पैसे आणि किती वेळ लागला, आणि एक बारकावा.

पहिल्या तीन गोष्टी नंतरही शोधता येतात. बारकावा मात्र तासाभरात उडून जातो. मन "छान होतं" एवढंच धरून ठेवतं. बारकावा म्हणजे डोळ्यानं दिसलेली किंवा कानानं ऐकलेली एक नेमकी गोष्ट. "अभिनय सुंदर" हा बारकावा नाही. "भांडण चालू असताना ती एकदाही वर बघत नाही, भाकरी थापत राहते आणि थापायचा वेग वाढत जातो" हा बारकावा. पहिल्या वाक्यावरून वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही, दुसऱ्यावरून हा पिक्चर आपल्या जातकुळीचा आहे का ते कळतं.

फिरायला गेलात तर फोटोही टिपणासाठी म्हणून काढा. बसच्या वेळापत्रकाचा फलक, तिकीट खिडकीवरचे दर, "आज बंद"ची पाटी, पार्किंगची पावती. हे फोटो कुणाला पाठवायचे नाहीत, लिहिताना बघायचे आहेत.

सावधान: टॉकीजमध्ये पडद्याचं शूटिंग करून स्टेटसला टाकू नका. नायकाच्या एन्ट्रीला मोबाइल वर करायची आपल्याकडं सवयच आहे. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानुसार परवानगीशिवाय असं रेकॉर्डिंग करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. टेलिग्रामवरच्या चोरून आणलेल्या प्रतीची लिंकही टिपणात नको. अशी लिंक दिली की तुमच्या बाकीच्या शिफारशींचं वजनही जातं.

## टप्पा ३: बुधवारी रात्री गाळा

इथं बहुतेकांचा जीव अडकतो. आठवडाभरात दोन पिक्चर, एका वेबसिरीजचे पाच भाग, बरीच गाणी, एक लग्न, एक देवदर्शन आणि असंख्य रील झालेले असतात. सगळंच लिहावंसं वाटतं. मग टिपणाची दैनंदिनी होते. दैनंदिनी घरच्यांशिवाय कुणी वाचत नाही, आणि घरचेही भीतीनंच वाचतात.

चार-पाच नोंदींवर थांबा. गाळताना प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: हे मी स्वतःच्या पैशानं, स्वतःचा वेळ काढून परत करीन का? पिक्चर परत बघीन का, त्या हॉटेलात परत जेवीन का, त्या गडावर परत चढीन का? उत्तर "बघू" असं आलं की नोंद बाद.

नावडलेल्या गोष्टींचं काय? माझं मत विचाराल तर आवडीच्या टिपणात त्यांना जागा नको. एक अपवाद आहे. सगळे धावत सुटलेत आणि तिथं गेल्यावर फसगत होणार हे तुम्ही पाहून आलात, तर एक ओळ जरूर लिहा. पण ती रागाच्या भरात नको, आणि एखाद्या हॉटेलवाल्याचं नाव घेऊन तर नकोच. एका वाईट दुपारवरून कुणाच्या धंद्यावर शिक्का मारणं बरं नव्हे.

उधारीच्या आवडीही गाळा. सगळे एखाद्या कोरियन मालिकेबद्दल बोलतायत म्हणून पहिला भाग अर्धा बघून ती यादीत घातली, तर ती खरंच पाहिलेल्या मुलांना दोन वाक्यांत कळतं की यांनी पाहिलेली नाही.

## टप्पा ४: पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं लिहा

एका नोंदीला तीन ते पाच वाक्यं पुरेत. पहिल्या वाक्यात वस्तू आणि ती कुठं मिळेल, दुसऱ्या-तिसऱ्यात तुमचा बारकावा, शेवटच्यात ही कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही. "कुणासाठी नाही" हे लिहायला लोक बिचकतात, पण वाचणारा त्याच वाक्यावर विश्वास ठेवतो.

पिक्चर असेल तर भाषा, लांबी, टॉकीजला आहे की ओटीटीवर (आणि कोणत्या) आणि प्रमाणपत्र लिहा. आता यूए प्रमाणपत्राचे वयानुसार यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन प्रकार आहेत. नुसतं "यूए आहे, घरच्यांसोबत चालेल" असं लिहाल तर सात वर्षांच्या पोराला घेऊन गेलेली वहिनी मध्यंतरातच फोन करील. गोष्ट कुठपर्यंत सांगायची? मध्यंतराच्या आधी जे घडतं तेवढंच. शेवट फोडायचा नाही, आणि "शेवटी असा धक्का आहे की बस्स" असंही नाही. धक्का आहे एवढं कळलं तरी माणूस पूर्ण वेळ त्याचीच वाट बघत बसतो.

गाण्याची नोंद लहान ठेवा. गायक, संगीतकार, कुठल्या पिक्चरचं किंवा अल्बमचं, आणि अधिकृत चॅनलची लिंक. एकाच गाण्याच्या डीजे, लोफाय आणि रिमिक्स अशा डझनभर आवृत्त्या फिरतात. मूळ कोणती ते सांगितलं नाही, तर वाचणारा हळदीच्या वरातीतली आवृत्ती ऐकून तुमच्या आवडीला हसेल. रेडिओवरचा कार्यक्रम असेल तर केंद्र, वार आणि वेळ. आकाशवाणीची बरीच केंद्रं "न्यूज ऑन एअर" अ‍ॅपवर ऐकता येतात, त्यामुळं गाव सोडून गेलेल्यांनाही असली नोंद उपयोगी पडते. पॉडकास्ट तासाभराचा असेल तर कितव्या मिनिटापासून ऐकायचं ते लिहा. पहिली पंधरा मिनिटं एकमेकांचं कौतुक चाललेलं असतं.

पुस्तकाची नोंद करताना प्रकाशक, पानं, किंमत आणि मिळण्याची जागा लिहा. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुधा शालेय वह्या-गाईडचं दुकान, त्यामुळं "सगळीकडे उपलब्ध" लिहून चालत नाही. ग्रंथालयातून आणलंत तर कुठल्या ते सांगा, म्हणजे दुसऱ्यालाही मिळेल. मासिक असेल, समजा मराठवाडा साहित्य परिषदेचं "प्रतिष्ठान", तर अंक कोणता आणि त्यातला कुठला लेख हे हवंच. नुसतं "अंक वाचनीय" म्हणजे काहीच नाही.

तपासा: नोंदीतलं मूळ नाव काढून तिथं दुसऱ्या कुठल्याही पिक्चरचं नाव घाला. वाक्य तरीही जुळत असेल तर ते खोडा आणि टिपलेला बारकावा तिथं आणा.

## टप्पा ५: फिरण्याची नोंद, जिथं सगळ्यात जास्त चुका होतात

पिक्चर चुकला तर तीन तास वाया जातात. फिरण्याची नोंद चुकली तर अख्खं कुटुंब, डबे, पाण्याच्या बाटल्या आणि भाड्याची गाडी घेऊन बंद दारासमोर उभं राहतं. म्हणून इथं जास्त वेळ द्या.

वार आणि वेळ. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी बंद. हे दोन वार उलटे लक्षात ठेवणारे लोक दर मोसमात भेटतात. टिपणात दोन्हींपैकी एकाचंही नाव आलं तर बंदचा वार पहिल्या ओळीत टाका. श्रावणात आणखी एक मेख आहे. सोमवारी घृष्णेश्वराला दर्शनाची मोठी गर्दी असते, आणि खुलताबादला शनिवारी भद्रा मारुतीची. रस्ता तोच. दर्शनाला जाणाऱ्याला हे ठाऊकच असतं. फक्त लेणी बघायला निघालेला माणूस मात्र गाड्यांच्या रांगेत अडकून तुमची आठवण काढतो.

पोचायचं कसं. "संभाजीनगरजवळ" हे अंतर नाही. वेरूळ शहरापासून साधारण ३० किलोमीटर, अजिंठा जवळपास १००. एका दिवसात दोन्ही "करून" टाकायचा सल्ला देऊ नका, दोन्हीकडं पळापळ होते. अजिंठ्याला तर खासगी गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला ती लावून तिथून बसनं जायचं असतं, बसचं तिकीट वेगळं, आणि उतरल्यावर पायऱ्या. हे न सांगितल्यामुळं म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. डोली मिळते हेही लिहा.

नदीचा कुठला काठ. हे ऐकायला किरकोळ वाटतं. सहस्रकुंडचा धबधबा पैनगंगेवर आहे, एका बाजूला नांदेड जिल्हा आणि पलीकडं यवतमाळ. "सहस्रकुंडला जा" एवढंच लिहिलं तर नकाशा कुठल्या बाजूला नेऊन सोडेल सांगता येत नाही. तुम्ही कुठल्या बाजूनं पाहिलंत ते लिहा, आणि लोकेशनची खूण प्रत्यक्ष उभं राहून टाकलेली द्या, घरी बसून शोधलेली नको.

आत्ता काय आहे. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल आणि त्याच्या अंगावरून पडणारे नर-मादी धबधबे बोरी नदीला भरपूर पाणी असेल तरच दिसतात. सप्टेंबरातला फोटो मार्चमध्ये पाठवलात तर बघायला गेलेल्याला कोरडा बांध दिसतो. किल्ला आणि उपळी बुरूज तेव्हाही बघण्यासारखेच आहेत, पण मग नोंद त्यांची हवी. बीड जिल्ह्यातल्या सौताड्याच्या धबधब्याचंही तसंच. पाण्याच्या प्रत्येक जागेला "पाणी कधी पाहिलं" ती तारीख जोडा. धबधब्याच्या नोंदीत शेवाळलेल्या दगडाबद्दल एक ओळ असू द्या, आणि दरीच्या काठावर पाठमोरं उभं राहून काढलेला फोटो पाठवू नका. मागून येणारी पोरं नेमका तोच काढायला जातात.

तिथीच्या गोष्टी. आपल्याकडची निम्मी भटकंती पंचांगावर चालते. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून, आणि लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या (शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण) त्याच मार्गशीर्षाच्या अमावस्येला. मागच्या वर्षीची तारीख उचलून लिहिली की घोटाळा ठरलेला. २०२४ मध्ये वेळ अमावस्या ३० डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ती १९-२० डिसेंबरच्या सुमारास आली. आणखी एक बघा: माळेगावची सुरुवात आणि वेळ अमावस्या एकमेकींना चिकटून येतात. लातूरकडच्या माणसाला माळेगाव सुचवताना पहिल्या दिवसाचा हट्ट धरू नका. दुसऱ्या दिवशी त्याला शेतात भज्जी, आंबील आणि उंडे वाट बघत असतात, तो काही येणार नाही.

आता एक नोंद दोन तऱ्हांनी. आधी नेहमीची:

"वेरूळ लेणी – अप्रतिम!! शब्द अपुरे पडतात. आयुष्यात एकदा तरी बघाच. आपला अभिमान."

आणि आता कामाची:

"वेरूळ, लेणं क्रमांक १०. कैलास बघून लोक थकतात आणि इथं न येताच परत फिरतात. याला सुताराची झोपडी म्हणतात. आत गेल्यावर वर बघा, छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण त्या दगडातच कोरलेल्या. हळू आवाजात एक ओळ म्हटली तर घुमून परत येते. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळं दुपार कलल्यावर उजेड आत येतो. मंगळवारी बंद. जैन लेणी इथून बरीच लांब आहेत, सोबत म्हातारं माणूस असेल तर तिकडं चालत जायचा बेत करू नका."

दुसऱ्या नोंदीत कौतुकाचा एकही शब्द नाही, तरी माणूस जाईल.

सावधान: अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही. टिपणात फ्लॅश मारून काढलेला फोटो टाकलात तर तुम्ही इतरांनाही तेच शिकवता. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची नोंद असेल तर डोकं झाकून जायचं आणि चप्पल-बूट बाहेर ठेवायचे, हे लिहा.

## टप्पा ६: खाण्याची नोंद, आणि तिची मुदत

खाण्याच्या नोंदीला मुदत असते हे फार थोडे लोक लक्षात घेतात. हुरड्याचंच बघा. कणसातला दाणा कोवळा, दुधात असतो तोवरच हुरडा. टणक झाला की ती ज्वारी. पेरणीप्रमाणं हे दिवस मागंपुढं होतात. डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत कधीतरी, आणि एकाच शिवारात दोन वावरांचा काळ वेगळा. म्हणून "हुरडा सुरू झालाय" एवढं पुरत नाही, "या वावरात आठ-दहा दिवस आहे" असं हवं.

आणि बारकावा इथंही हवा. आगटीत, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्यात, गोवऱ्यांच्या राखेतून कणीस बाहेर येतं तेव्हा वरून काळं दिसतं. ते गरम असतानाच गोणपाटावर चोळावं लागतं, थांबलात तर दाणा सुटत नाही. मग पाखडून हिरवे दाणे हातावर पडतात, सोबत जवसाची चटणी, गूळ, दही. ज्वारीचं वाण गुळभेंडी आहे की सुरती तेही विचारून लिहा. खाणाऱ्याला चवीतला फरक कळतो आणि तो शेतकऱ्याला पुढच्या वर्षासाठी नाव सांगू शकतो.

गावातल्या खाण्याची नोंद करताना वेळ सांगा. संभाजीनगरचं नान-खलिया (मटणाचा रस्सा आणि नान) संध्याकाळी जायचं खाणं. सकाळी दहाला बायकापोरांना घेऊन गेलात तर चहावर भागवावं लागेल. किंमत लिहिताना "दोघांचं पोटभर किती" हा आकडा द्या, एका प्लेटचा नको. शाकाहारी माणसाला त्या गल्लीत काय मिळेल हेही एका ओळीत. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात.

सावधान: मित्राच्या शेतावर हुरडा खाल्ला असेल तर त्याला विचारल्याशिवाय जागा कळवू नका. लोकेशन एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जातं आणि पुढच्या रविवारी बांधावर अनोळखी गाड्या लागतात. तो नाही म्हणाला तर पैसे घेऊन हुरडा पार्टी देणारं ठिकाण सुचवा. माणसांच्या फोटोंचंही तेच, विशेषतः शेतात राबणाऱ्या बायकांच्या. विचारा, मगच टाका.

## टप्पा ७: गुरुवारी तपासा

लिहून झालं की तासभर दूर ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते, तिथं वाक्य लांब झालंय.

नंतर तथ्यं. पिक्चर अजून गावात आहे का, हे तिकिटाच्या अ‍ॅपवर बघा, आणि एकपडदा टॉकीज असेल तर तिथं फोन करा, कारण छोट्या टॉकीज अ‍ॅपवर असतातच असं नाही. ओटीटीवरचं तुम्ही पाहिलंत तेव्हा फुकट होतं, आज त्याला भाड्याचे पैसे पडतायत का? लिंक स्वतः उघडून बघा. एसटीची वेळ स्टँडवरच्या चौकशीतून घ्या. फलकावरचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष सुटणारी गाडी यांचं नातं दूरचं असू शकतं. शेवटची परतीची बस किती वाजता हा प्रश्न वेगळा विचारा. जायची बस सगळे लिहितात, यायची कुणीच नाही.

जे तपासता आलं नाही ते अंदाजानं भरू नका. ती ओळच काढा.

## टप्पा ८: मांडा आणि पाठवा

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज मध्येच दुमडला जातो, आणि पुढचं उघडायचे कष्ट बरेच जण घेत नाहीत. म्हणून सगळ्यात घाईची नोंद वर ठेवा: ज्याचा शेवटचा आठवडा आहे, ज्याचा वार ठरलेला आहे. पुस्तक खाली गेलं तरी चालतं, ते पळून जात नाही.

प्रत्येक नोंदीचं नाव दोन बाजूंना तारांकन टाकून ठळक करा. दोन नोंदींमध्ये एक ओळ मोकळी सोडा. इमोजींची माळ नको. लिंक नोंदीच्या शेवटी टाका. सगळ्यात वरच्या लिंकचं चित्र मेसेजबरोबर दिसतं, तेव्हा पहिल्या नोंदीची लिंक विचार करून ठेवा. फोटो एका नोंदीला एकच, आणि एचडीमध्ये. नाहीतर लेण्यातलं कोरीवकाम म्हणजे नुसता करडा ठिपका.

ग्रुपवर पाठवायचं की ब्रॉडकास्ट करायचं? ग्रुपवर गप्पांत हरवतं, म्हणून अनेक जण ब्रॉडकास्ट लिस्ट करतात आणि मग तक्रार करतात की अर्ध्या लोकांना मिळतच नाही. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका यादीत २५६ जणच मावतात. आधी सगळ्यांना नंबर सेव्ह करायला सांगा. स्टेटसवर टाकणार असाल तर लक्षात घ्या, ते चोवीस तासांत जातं. गुरुवारी संध्याकाळी टाकलेलं शनिवारी कुणाला सापडणार नाही.

शेवटी तुमचं नाव आणि तारीख लिहा. टिपण पुढं पुढं जातं, आणि तारीख नसली की नळदुर्गचं पाणी वर्षभर पडत राहतं.

## टप्पा ९: पाठवल्यानंतर

उत्तरं येतात. "गेलो होतो, तिकीट वाढलंय." "टॉकीजला खेळच नव्हता." वाद घालू नका, मेसेज गुपचूप पुसूही नका. दुरुस्ती लगेच त्याच मेसेजला रिप्लाय म्हणून टाका आणि पुढच्या गुरुवारी पहिल्या ओळीत परत सांगा, कारण जुना मेसेज वाचून निघणारे नंतरही असतात.

पाठवलेली टिपणं एका जागी साठवा, पण तारखेप्रमाणं नको, गाव आणि महिन्याप्रमाणं लावा. जुलैत कुणीतरी हमखास विचारतं, "पावसात बीडकडं कुठं जावं रे?" तेव्हा सौताड्याची जुनी नोंद काढता येते. ती तशीच ढकलू नका. वार, दर, परतीची बस आणि पाणी पुन्हा विचारून घ्या, आणि वरची तारीख बदला. तिथीच्या नोंदींसाठी नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की त्याच दिवशी फाल्गुन आणि मार्गशीर्षाची पानं उघडून नाथषष्ठी, माळेगाव आणि वेळ अमावस्येवर पेनानं गोल करून ठेवा. यांतली प्रत्येक नोंद त्या तारखेच्या आधीच्या दुसऱ्या गुरुवारी जायला हवी, म्हणजे बाहेरगावच्यांना गाडीचं आरक्षण करायला वेळ मिळतो.